पीडीएफ उघडताच खिडकी मिटते: उबंटूवरचा डॉक्युमेंट व्ह्यूअर नेमका कशाने पडतो?

प्रश्न थोडक्यात असा: जुना लॅपटॉप, ४ जीबी रॅम, उबंटू २२.०४ ही लिनक्स सिस्टिम. बँकेचं स्टेटमेंट उघडलं की डॉक्युमेंट व्ह्यूअरची खिडकी क्षणभर दिसते आणि मिटते. स्कॅन केलेलं एक जुनं मराठी पुस्तक मात्र उघडतं, पण काही पानं पुढे गेलं की तेही गायब. बाकी बऱ्याच फायली नीट चालतात. संदेश कुठलाच येत नाही. व्ह्यूअर काढून पुन्हा बसवला, तरी तेच. आता उबंटूच नव्याने टाकावं का?

टाकू नका. तुमच्या वर्णनात मला एक नाही, दोन वेगळे बिघाड दिसतात. दोन्हींत खिडकी मिटते म्हणून ते एकच वाटतात. स्टेटमेंट उघडताक्षणी पडतं, दर वेळी त्याच जागी; तिथे बहुधा प्रोग्रॅम स्वतः कोसळतोय. पुस्तक काही पानांनंतर जातं. तिथे प्रोग्रॅमला दुसऱ्याच कुणीतरी मारलं असावं. पहिल्याचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी प्रोग्रॅम कशाने गेला ते सिस्टिमलाच विचारायचं. तिला ते ठाऊक असतं, फक्त आपण होऊन ती सांगत नाही.

पुन्हा बसवून फरक का पडला नाही, तेही बघा. तुम्ही काढलात आणि बसवलात तो ‘एव्हिन्स’, म्हणजे नोम डेस्कटॉपचा डॉक्युमेंट व्ह्यूअर. पण पीडीएफ वाचून पान रंगवण्याचं खरं काम एव्हिन्स करतच नाही. ते ‘पॉपलर’ नावाची लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो तयार कोड) करते. एक्सपीडीएफ या जुन्या व्ह्यूअरच्या कोडमधून २००५ मध्ये ती वेगळी निघाली, आणि केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपचा व्ह्यूअर ‘ओक्युलर’ही तिच्यावरच चालतो. पॉपलरच्या खाली चित्रणासाठी कैरो, अक्षरांसाठी फ्रीटाइप, फाँट शोधायला फाँटकॉन्फिग, जेपीईजी २००० चित्रांसाठी ओपनजेपेग अशी सगळी उतरंड आहे. एव्हिन्स पुन्हा बसवला की यातलं काहीही हलत नाही. शिवाय पुन्हा येते ती तीच आवृत्ती, आणि तुमच्या होम फोल्डरमधल्या सेटिंग्जना, कॅशला, फाँटना कुणी स्पर्शही करत नाही. फायली खरोखर खराब झाल्यात का हे बघायचं असेल तर ‘डेबसम्स’ हे साधन पॅकेजच्या प्रत्येक फाइलची बेरीज ताडून सांगतं. तिथे सगळं बरोबर आलं, तर पुन्हा बसवण्याचा विषय तिथेच संपला.

एक सूचना: इथे कमांडची नावं देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये, म्हणजे लिहून आज्ञा देण्याच्या खिडकीत, ती रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं, एका नावाच्या मध्ये जागा न सोडता टाइप करायची आहेत. ‘वजा-के’ असं लिहिलं की वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून ते अक्षर.

सुरुवात टर्मिनलपासून. फाइलवर डबल क्लिक करू नका. टर्मिनल उघडून ‘एव्हिन्स’ आणि पुढे फाइलचं नाव द्या. खिडकी मिटल्यावर टर्मिनलमध्ये काय उमटतं ते बघा आणि लगेच ‘इको’ लिहून पुढे डॉलरचं चिन्ह आणि प्रश्नचिन्ह द्या. एक आकडा मिळेल, त्याला एक्झिट कोड म्हणतात. १२८ पेक्षा मोठा असेल तर त्यातून १२८ वजा करा. उरतो तो सिग्नलचा, म्हणजे प्रोग्रॅम थांबवणाऱ्या इशाऱ्याचा क्रमांक. १३९ आला तर सिग्नल ११, म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट: प्रोग्रॅमने आपल्या मालकीच्या नसलेल्या मेमरीला हात लावला. १३४ म्हणजे सिग्नल ६, प्रोग्रॅमने स्वतःच हात वर केले. यात बरेचदा सी लायब्ररीला मेमरीचा हिशेब बिघडलेला सापडलेला असतो. १३३ म्हणजे सिग्नल ५. नोमच्या प्रोग्रॅममध्ये हा दिसला की वरची ओळ वाचा, तिथे सेटिंग्जचा स्कीमा (आराखडा) सापडत नाही किंवा डिस्प्लेशी बोलणं तुटलं असं कारण सहसा स्पष्ट लिहिलेलं असतं. १३७ म्हणजे सिग्नल ९. हा बाहेरून येतो. प्रोग्रॅमला तो अडवता येत नाही आणि मरताना काही सांगताही येत नाही.

१२७ आला आणि सोबत ‘सिम्बॉल लुकअप एरर’ असेल, तर हे क्रॅश नव्हेच. प्रोग्रॅम सुरूच झाला नाही, कारण त्याला चुकीची लायब्ररी मिळाली. स्नॅप पद्धतीने (लायब्ररी सोबत बांधून आणणाऱ्या पॅकेजातून) बसवलेल्या कोड एडिटरच्या आतल्या टर्मिनलमधून एव्हिन्स चालवला की हे हमखास होतं, कारण एडिटर लायब्ररी शोधायचे आपल्या स्नॅपचे रस्ते त्या टर्मिनलच्या सेटिंग्जमध्ये सोडून देतो. साध्या टर्मिनलमधून चालवून बघा. इंजिनिअरिंगची काही सॉफ्टवेअर ‘एलडी लायब्ररी पाथ’ हा व्हेरिएबल (लायब्ररी कुठे शोधायच्या ते सांगणारी सेटिंग) कायमचा बदलून ठेवतात, त्यानेही हेच घडतं. ‘एलडीडी’ला एव्हिन्सचा पूर्ण पत्ता दिला तर कुठली लायब्ररी कुठून उचलली जातेय ते ओळीओळीने दिसतं. त्यात ‘यूएसआर लोकल’मधलं किंवा होम फोल्डरमधलं काही दिसलं, तर बाकीचं वाचायच्या आधी ते निस्तरा.

आता तुमचं स्टेटमेंट. तिथे १३९ येईल असं धरून चालतो. सेगफॉल्ट (सेगमेंटेशन फॉल्टचंच छोटं नाव) झाला की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आपल्या लॉगमध्ये (नोंदवहीत) एक ओळ लिहितो. ती ‘सुडो डीमेसेज’ने (sudo dmesg) किंवा ‘जर्नलसीटीएल’ला वजा-के देऊन बघता येते. इथे पुष्कळ जण फसतात. ते लॉगमध्ये ‘एव्हिन्स’ शोधतात, काही सापडत नाही आणि क्रॅश झालाच नाही असं समजून चालतात. एव्हिन्स पान रंगवण्याचं काम वेगळ्या थ्रेडमध्ये (प्रोग्रॅमच्या आत समांतर चालणाऱ्या धाग्यात) करतो, त्या थ्रेडचं नाव ‘ईव्ही जॉब शेड्युलर’, आणि कर्नल प्रोग्रॅमचं नव्हे तर थ्रेडचं नाव लिहितो. म्हणून ‘सेगफॉल्ट’ हा शब्द शोधा.

त्या ओळीत तीन गोष्टी वाचण्यासारख्या आहेत. ‘ॲट’नंतरचा पत्ता शून्य किंवा शून्याच्या आसपास असेल, तर कोडने रिकाम्या पॉइंटरला (कुठेच न नेणाऱ्या पत्त्याला) वस्तू समजून हात घातला. फाइलमध्ये अपेक्षित काहीतरी नव्हतं आणि कोडने ते तपासलं नाही, हा त्याचा नेहमीचा अर्थ. ‘एरर ४’ म्हणजे वाचताना पडला, ‘एरर ६’ म्हणजे लिहिताना. आणि शेवटी ‘इन’नंतर लायब्ररीचं नाव येतं. तिथे ‘लिबपॉपलर’ असेल तर रोख फाइल वाचण्याकडे, ‘लिबफ्रीटाइप’ असेल तर फाँटकडे, ‘लिबकैरो’ किंवा ‘पिक्समन’ असेल तर चित्रणाकडे. ‘लिबसी’ आलं तर घाई करू नका. सी लायब्ररी क्वचितच दोषी असते. कुणीतरी आधीच मेमरी खराब केलेली असते आणि पुढचा हिशेब करताना ती उघडकीला येते.

फाइल तीन-चारदा उघडून या ओळी शेजारी ठेवा. पत्ते दर वेळी बदलतील, कारण लिनक्स लायब्ररीला मेमरीत मुद्दाम वेगवेगळ्या जागी बसवतो. पण ओळीच्या शेवटी चौकटी कंसात लायब्ररीची सुरुवात दिलेली असते. ‘आयपी’च्या (इथे इंटरनेटचा नव्हे, तर पडताना चालू असलेल्या सूचनेचा पत्ता) आकड्यातून ती वजा केली की उरतं ते लायब्ररीतलं अंतर. ते दर वेळी तेच निघालं तर हा सॉफ्टवेअरमधला बग आहे, आणि चांगला बग आहे, कारण तो हुकमी घडतो. अंतर दर वेळी वेगळं, लायब्ररीही वेगळी, कधी ब्राउझरही असाच मिटतो, असं असेल तर पीडीएफचा नाद सोडा आणि रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारं साधन) लावा. जुन्या लॅपटॉपमध्ये रॅमची पट्टी सैल किंवा खराब असणं अजिबात दुर्मीळ नाही.

लायब्ररीचं नाव कळलं की फाइलची चाचणी. ‘पॉपलर युटिल्स’ हे पॅकेज उबंटूत बहुधा असतंच. त्यातलं ‘पीडीएफइन्फो’ फाइलची कुंडली सांगतं: कुणी बनवली, पानं किती, आकार काय, एन्क्रिप्शन आहे का. मग पानं रंगवून बघायची. इथे जवळपास सगळीकडे ‘पीडीएफटूपीपीएम’ वापरा असा सल्ला मिळतो, आणि तो अर्धवट आहे. पॉपलरमध्ये पान रंगवण्याचे दोन रस्ते आहेत. एकाचं नाव स्प्लॅश, दुसरा कैरोमधून जातो. पीडीएफटूपीपीएम स्प्लॅशचा रस्ता घेतं आणि ओक्युलरही तोच घेतो. एव्हिन्स मात्र कैरोचा. त्यामुळे पीडीएफटूपीपीएम निमूट चाललं, ओक्युलरमध्येही फाइल उघडली, म्हणून पॉपलर निर्दोष ठरत नाही. एव्हिन्सचा रस्ता तपासायचा तर ‘पीडीएफटूकैरो’ वापरा: वजा-पीएनजी द्या, वजा-एफ आणि वजा-एलने पानाचे क्रमांक द्या. तेही त्याच पानावर कोसळलं तर एव्हिन्स सुटला. दोष पॉपलरच्या कैरो बाजूत किंवा त्याखाली. कोसळलं नाही तर संशय एव्हिन्सवर, त्याच्या सेटिंग्जवर किंवा डेस्कटॉपच्या वातावरणावर येतो.

स्टेटमेंट म्हटल्यावर आणखी एक शक्यता डोळ्यांसमोर येते. अशा फायलींना पासवर्ड असतो. ई-आधारला नावाची पहिली चार मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष, बँकांची आपापली तऱ्हा. पासवर्ड विचारताना एव्हिन्स तो लक्षात ठेवू का असंही विचारतो आणि हो म्हटलं तर नोमच्या कीरिंगमध्ये (पासवर्डांच्या पेटीत) ठेवतो. म्हणजे फाइल वाचण्याआधीच आणखी एक यंत्रणा मध्ये आली. खिडकी पासवर्ड दिल्यानंतर लगेच मिटते की पान दिसल्यावर, हे नीट बघा. ‘क्यूपीडीएफ’ या पीडीएफ नव्याने लिहिणाऱ्या साधनाला ‘डिक्रिप्ट’ हा पर्याय आणि पासवर्ड देऊन बिनपासवर्डाची प्रत काढा. उबंटूच्या मूळ बॅश (टर्मिनलमधल्या कमांड वाचणारा प्रोग्रॅम) सेटिंगमध्ये कमांडच्या आधी एक जागा सोडली की ती इतिहासात जात नाही. पासवर्ड लिहिताना तशी जागा सोडा. ही प्रत एव्हिन्समध्ये धड उघडली तर मूळ फाइल उघडताना ‘पासवर्ड लगेच विसर’ निवडून बघा. तेवढ्याने चाललं तर कीरिंगचा कोपरा तपासायचा. पण क्यूपीडीएफने लिहिलेली प्रत मुळाशी तंतोतंत नसते. फाइलची अंतर्गत रचना ते नव्याने मांडतं आणि त्यात एखादा दोष आपोआप दुरुस्तही होतो. म्हणून नुसती प्रत चालली एवढ्यावरून पासवर्डाला दोषी धरू नका.

याच गुणामुळे क्यूपीडीएफ हे पहिलं औषधही आहे. ‘चेक’ पर्याय दिला की ते फाइलची रचना तपासून सांगतं. वस्तूंची सूची तुटलेली, लांबीचे आकडे खोटे, शेवट अर्धवट असले प्रकार सरकारी आणि बँकांच्या जुन्या यंत्रणांतून आलेल्या फायलींत भरपूर असतात. नुसतं मूळ नाव आणि नवं नाव दिलं की दुरुस्त प्रत मिळते. तेवढ्याने भागलं नाही तर ‘एमयूटूल’ या तशाच साधनाचं ‘क्लीन’, आणि सगळ्यात शेवटी घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅममधून फाइल पुन्हा गाळून काढणं. घोस्टस्क्रिप्ट शेवटी म्हणतो, कारण त्यात फॉर्मचे रकाने आणि इतर बारीकसारीक गोष्टी जाऊ शकतात. यातल्या कुठल्याही मार्गाने फाइल पुन्हा लिहिली की तिच्यावरची डिजिटल सही निकामी होते. डिजिटल सहीचा सातबारा असा दुरुस्त करून कार्यालयात दिलात तर तो तिथे ग्राह्य धरला जाणार नाही. दुरुस्त प्रत वाचायला; द्यायची ती मूळच.

फाँटचा विषय मराठी वाचकांसाठी वेगळा काढायला हवा. ‘पीडीएफफाँट्स’ चालवलं की फाइलमधल्या प्रत्येक फाँटची ओळ येते आणि ‘ईएमबी’ या रकान्यात हो किंवा नाही. हो म्हणजे फाँट फाइलच्या पोटात आहे. नाही म्हणजे पॉपलर फाँटकॉन्फिगला विचारून तुमच्या संगणकावरचा जवळचा फाँट उचलणार. युनिकोडपूर्व काळातल्या मराठी फाँटमध्ये बनवलेल्या आणि फाँट पोटात न घातलेल्या फायली अजून फिरतात. त्या उघडल्या तर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. तो क्रॅश नव्हे. पण त्या खिचडीवर उपाय म्हणून लोक कुठून कुठून फाँट उतरवून होम फोल्डरमध्ये टाकतात, आणि त्यातला एखादा मोडका निघतो. मग पॉपलरने नेमका तोच उचलला की फ्रीटाइपमध्ये पडझड. तुमची बाकीची पीडीएफ चालतात आणि ठरावीकच पडतात, या लक्षणात हे चपखल बसतं. तपासायला सोपं आहे: होममधलं ‘डॉट फाँट्स’ आणि ‘डॉट लोकल’खालच्या ‘शेअर’मधलं ‘फाँट्स’ या दोन फोल्डरांची नावं तात्पुरती बदला, ‘एफसी-कॅश’ला वजा-एफ देऊन चालवा, फाइल उघडा. चालली तर फाँट निम्मे निम्मे परत ठेवत गुन्हेगार शोधा.

एव्हिन्सवरच संशय आला असेल तर सगळ्यात कमी कष्टाची चाचणी म्हणजे नवा यूजर. सेटिंग्जमधून एक नवं खातं काढा, त्यात लॉगिन करून तीच फाइल उघडा. तिथे चालली तर सिस्टिम ठीक, तुमच्या होममध्ये काहीतरी अडलंय. एव्हिन्स आपल्या आवडीनिवडी ‘डीकॉन्फ’मध्ये ठेवतो, ‘जीसेटिंग्ज’ला ‘रिसेट-रिकर्सिव्हली’ आणि एव्हिन्सचा स्कीमा दिला की त्या मूळपदावर येतात. पण प्रत्येक फाइलचं शेवटचं पान, झूम, खिडकीचा आकार हे वेगळीकडे, ‘जीव्हीएफएस मेटाडेटा’ या फोल्डरमध्ये असतं. म्हणून घातक पान एकदा उघडलं की फाइल दर वेळी त्याच पानावर उघडायला जाते आणि उघडताच पडते. लोकांना वाटतं अख्खी फाइल गेली. टर्मिनलमधून वजा-आय आणि पानाचा क्रमांक देऊन दुसऱ्या पानावर उघडा. उघडली तर फाइल जिवंत आहे, एकच पान विषारी आहे.

कुठल्या क्षणी पडतं यावरही बरंच कळतं. फोल्डर उघडताच क्रॅशची सूचना आली तर पडलेला एव्हिन्स नसून त्याचा ‘थंबनेलर’ असतो, जो फाइल मॅनेजरसाठी पानाचं छोटं चित्र काढतो. शोधताना किंवा मजकूर निवडताना पडलं तर मजकूर काढण्याचा कोड बघायचा, रंगवण्याचा नाही. ‘पीडीएफटूटेक्स्ट’ तोच रस्ता घेतं. छपाईची खिडकी उघडताना पडलं तर पीडीएफचा संबंध जवळपास नाहीच. कप्स (छपाईची यंत्रणा) आणि नेटवर्कवरचे प्रिंटर बघा.

आता पुस्तक. एखादं पान पोटात किती मोठं आहे हे फाइलच्या आकारावरून कळत नाही. ए-४ पान ६०० डीपीआयला (इंचाला ६०० बिंदू) स्कॅन केलं की ४,९६० गुणिले ७,०१६ बिंदू होतात, म्हणजे सुमारे ३ कोटी ४८ लाख. कैरोला प्रत्येक बिंदूला ४ बाइट लागतात. झाले सुमारे १३९ एमबी, एका पानाला. डिस्कवर तेच पान एखाद्या एमबीत मावलेलं असतं. झूम कितीही कमी ठेवा, चित्र आधी पूर्ण उलगडावं लागतं. इंटरनेट अर्काइव्हवरून उतरवलेल्या पुस्तकांत चित्रं जेपीईजी २००० मध्ये असतात, ती उलगडायला प्रोसेसरही घाम गाळतो. एव्हिन्स पुढची-मागची पानंही तयार करून ठेवतो. ४ जीबीत ब्राउझर आधीच पथारी पसरून बसलेला, उरलं किती?

उबंटू २२.०४ मध्ये एक नवीन पहारेकरी डेस्कटॉपवर आपोआप चालू झाला: ‘सिस्टमडी-ओओएमडी’. मेमरी आणि स्वॅपवर (रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेवर) ताण वाढून सगळं गोठण्याआधीच तो एखादा प्रोग्रॅम मारतो. विचारत नाही, सांगत नाही, कोअर डंप (पडतानाच्या मेमरीची प्रत) ठेवत नाही. तो एकटी प्रोसेस न मारता तिचा सबंध गट मारतो, म्हणून टर्मिनलमधून एव्हिन्स चालवला असेल तर टर्मिनलचा तो टॅबही सोबत जाऊ शकतो आणि एक्झिट कोड बघायला जागाच उरत नाही. तेव्हा दुसऱ्या खिडकीत ‘जर्नलसीटीएल’ वजा-एफ देऊन चालू ठेवा आणि मग पुस्तक चाळा. ‘ओओएमडी’ हा शब्द आणि ‘किल्ड’ दिसलं तर खूण पटली. त्याऐवजी कर्नलचा ‘आउट ऑफ मेमरी’ दिसला तर मारणारा दुसरा, कारण तेच.

हा बग नाही. मेमरी कमी आहे, एवढंच. पहारेकऱ्याला बंद करा असा सल्ला मिळेल. मी देणार नाही, कारण मग लॅपटॉप काही मिनिटं थिजून बसेल आणि तुम्ही पॉवर बटण दाबाल. स्वॅप फाइल मोठी करा, पुस्तक वाचताना ब्राउझर बंद ठेवा. वारंवार वाचायचं पुस्तक असेल तर घोस्टस्क्रिप्टच्या ‘ईबुक’ सेटिंगने त्याची प्रत काढा. त्यात रंगीत आणि करड्या चित्रांचं रिझोल्यूशन १५० डीपीआयवर येतं: बाजू एक चतुर्थांश, क्षेत्रफळ सोळावा हिस्सा, म्हणजे १३९ एमबीचं पान ९ एमबीच्या आत. पडद्यावर वाचायला ते पुरतं. जोडाक्षरं आणि रफार बारीक टाइपात फुटतात का, ते मात्र एक-दोन पानांवर आधी बघून घ्या. फुटत असतील तर ‘प्रिंटर’ सेटिंग, ३०० डीपीआय.

परत स्टेटमेंटकडे. वरच्या चाचण्यांत पॉपलर दोषी निघाला तर पुढे काय? पॉपलरच्या आवृत्तीच्या क्रमांकातच वर्ष आणि महिना असतो. उबंटू २२.०४ मध्ये २२.०२ आहे, म्हणजे फेब्रुवारी २०२२ ची. अशा एलटीएस (दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या) आवृत्तीत सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात, पण साधे क्रॅश दुरुस्त होऊन येतीलच असं नाही. तुमचा बग पुढे केव्हाच सुटलेला असू शकतो. हे बघायला सिस्टिम अपग्रेड करायची गरज नाही. फ्लॅटहब या ॲपच्या दुकानातून एव्हिन्सची फ्लॅटपॅक (लायब्ररींसह बांधलेली) आवृत्ती बसवा. ती आपला पॉपलर सोबत घेऊन येते आणि मूळ एव्हिन्सला धक्का लावत नाही. तिथे फाइल चालली तर तुमचा प्रश्न सुटला, तीच वापरा. मी एलटीएसवाल्यांना बहुतेक वेळा इथेच थांबवतो.

काही जण ‘पेपर्स’ सुचवतील. एव्हिन्समधून फुटून निघालेला हा व्ह्यूअर उबंटू २५.०४ पासून मूळ व्ह्यूअर म्हणून येतो. पण पीडीएफसाठी तोही पॉपलरवरच आहे, तेव्हा जुन्या पॉपलरचा दोष पेपर्समुळे नाही, त्याच्यासोबतच्या नव्या पॉपलरमुळे जाईल. आणि तो जीटीके ४ (खिडक्या आणि बटणं काढणारी लायब्ररी) वर असल्याने पान ग्राफिक्स कार्डातून पडद्यावर येतं. जुन्या कार्डाच्या ड्रायव्हरने तिथे वेगळाच गोंधळ घातला तर ‘जीएसके रेंडरर’ हा व्हेरिएबल ‘कैरो’ करून चालवा. खरोखर वेगळं इंजिन हवं असेल तर एमयूपीडीएफ हा व्ह्यूअर किंवा सरळ फायरफॉक्स. या दोघांचा पॉपलरशी संबंध नाही. फाइल त्यांच्यातही अडखळत असेल तर ती फाइलच मोडकी आहे, बँकेकडून पुन्हा मागवा.

‘ॲपआर्मर बंद करा’ हाही सल्ला फिरतो. ॲपआर्मर म्हणजे प्रोग्रॅमला कुठल्या फायलींना हात लावता येईल ते ठरवणारी यंत्रणा; उबंटूत एव्हिन्स तिच्या कुंपणात चालतो. फाइल होमच्या बाहेर भलत्या जागी असेल तर ‘परवानगी नाही’ असं म्हणतो आणि लॉगमध्ये ‘डिनाइड’ ही नोंद येते. तो नकार असतो, क्रॅश नव्हे. फाइल डॉक्युमेंट्समध्ये हलवली की काम होतं. कुंपण कशासाठी, तर २०१७ मध्ये एव्हिन्सच्या कॉमिक-बुक भागात असा दोष सापडला होता की खास बनवलेली फाइल नुसती उघडली तरी आतली कमांड चालायची. अनोळखी फायली उघडणाऱ्या प्रोग्रॅमला कुंपण हवंच.

फ्लॅटपॅकमध्येही पडलं तर तुमच्या हातात आजचा, न सुटलेला बग आहे. तो कळवण्यासारखा आहे. ‘जीडीबी’ या बग शोधण्याच्या साधनामध्ये ‘आर्ग्ज’ देऊन एव्हिन्स आणि फाइल चालवा, पडल्यावर ‘बीटी’ टाइप करा, आणि सगळे थ्रेड हवे असतील तर ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी’. नावांऐवजी नुसती प्रश्नचिन्हं आली तर डिबग सिम्बॉल्स (पत्त्यांना कोडमधली नावं जोडणारी माहिती) नाहीत. उबंटूच्या ‘डिबगइन्फोडी’ सर्व्हरचा पत्ता दिला की जीडीबी ती स्वतः उतरवून घेतं. नोंद पॉपलरची असेल तर फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर (कोड आणि बग यांची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर), एव्हिन्सची असेल तर नोमच्या.

सोबत नमुना फाइल मागतील, आणि इथे तुमचं स्टेटमेंट चुकूनही जोडू नका. क्यूपीडीएफच्या ‘पेजेस’ पर्यायाने फक्त ते एक पान वेगळं काढा. प्रत नव्याने लिहिताना दोष नाहीसा झाला तर पॉपलरचंच ‘पीडीएफसेपरेट’ वापरून बघा. त्या एका पानावरही खाते क्रमांक असेल तर नोंद करताना ‘कॉन्फिडेन्शिअल’ची खूण करा. उबंटू ‘व्हार’खालच्या ‘क्रॅश’ फोल्डरमध्ये जो क्रॅशचा ठेवा ठेवतो, त्यातही पडण्याच्या क्षणी मेमरीत असलेला मजकूर असतो, म्हणजे तुमची शिल्लकसुद्धा. तोही जसाच्या तसा कुणाला पाठवू नका.

मला पुढचं सांगायला कर्नलची ती सेगफॉल्टची ओळ, एक्झिट कोड, पीडीएफटूकैरो कुठल्या पानावर अडलं तो क्रमांक आणि पीडीएफफाँट्सचा तक्ता एवढं पुरे आहे. पुस्तकासाठी ओओएमडीची ओळ मिळाली की काही पाठवायची गरज नाही. स्वॅप वाढवा आणि वाचायला बसा.